शरीर देवाचं, सांभाळायचं आपण

आमच्या बचत गटात हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरच्या बाया आहेत. व्यायामाचा विषय निघाला की सगळ्यांचं उत्तर एकच, "दिवसभर राबतो, तोच व्यायाम!" ख्रिस्ती भगिनी त्यात भर घालतात, "आत्म्याचं बघावं. शरीर काय, मातीच." पण त्यांचं पवित्र शास्त्र खरंच असं सांगतं का? आज आपण तेच बघू.

पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं, की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. मंदिराची झाडलोट आपण पडझड होईपर्यंत थांबवत नाही. मग गुडघे, कंबर धरल्यावरच शरीराकडे का बघायचं? हाच पौल तीमथ्याला लिहितो, की शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा, भक्तीचा मोठा. काही जण एवढंच धरून बसतात. पण थोडा म्हणजे काहीच नाही, असं नव्हे. त्याच पत्रात तो वरचेवर आजारी पडणाऱ्या तीमथ्याला पोटाची काळजी घ्यायलाही सांगतो. म्हणजे शरीराची पूजा नको, तशी हेळसांडही नको.

प्रभू येशूनं याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवलं, तेव्हा घरच्यांना सांगितलं, हिला खायला द्या. आपल्याकडे मात्र लेकी-सुना शेवटी जेवतात, उरेल ते खातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दुखणं अंगावर काढणं ही भक्ती नाही.

शब्बाथाच्या आज्ञेत विसावा गडी-मोलकरणीला आहे आणि बैलालासुद्धा आहे. पोळ्याला आपणही बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. मग रविवारी उपासनेहून आल्यावर घरच्या बाईलाच दुप्पट स्वयंपाक का?

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून आरोग्य सेविका केलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. आजार होण्याआधीच टाळायचा, आणि तो सगळ्या जातिधर्मांच्या माणसांचा, ही त्यांची रीत. शरीराची काळजी ही देवाची सेवा कशी होते, ते तिथं दिसलं.

आता राबण्याचं बघू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल सांगते. शेतातले कष्ट त्यात धरले जातात, हे खरं. पण खुरपताना आपण तासन्‌तास वाकलेल्या असतो. एकाच जागी ताण येतो, बाकीचं अंग आखडतं. म्हणून अधूनमधून उठून ताठ उभं राहावं, हात वर ताणावेत, खांदे फिरवावेत. घरी बाजेवर बसून, हात न टेकता दहा वेळा उठावं-बसावं. त्यानं मांड्यांना बळ येतं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आम्ही आमच्या गटात ठरवलंय, की मासिक बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून अंग मोकळं करायचं. आणि पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून यायचं. तुमच्या गटातही हे करून बघा. बचतीच्या पासबुकाइतकंच अंगातलं रक्तही आपण मोजलं पाहिजे.