शंभर यार्डांची वेस

तंबाखूच्या धंद्याची दृष्टि फार लांबवर असते. जुनें गिऱ्हाईक आज ना उद्यां गळावयाचेंच. नवें मिळावयाचें तें कोवळ्या वयांतच. पानपट्टीवर गोळ्यांच्या बरणीशेजारीं पुड्यांच्या माळा लोंबतात, त्या कांहीं उगीच नव्हेत. २००३ च्या कायद्यानें शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत, आणि अठरा वर्षांखालील मुलांना कोठेंही, तंबाखू विकण्यास मनाई केली. जाहिरातींनाही आळा बसला. तेव्हां त्याच नांवाची वेलची पडद्यावर झळकूं लागली!

शंभर यार्ड म्हणजे सुमारें ९१ मीटर. एवढें मोजावयास पोलिस शिपाई कशाला हवा? शिक्षक, पालक व विद्यार्थी फीत घेऊन निघाले तर अर्ध्या तासांत काम होतें. मुंबईची सलाम बॉम्बे फाउंडेशन ही संस्था २००२ पासून मुलांनाच या कामीं पुढें करीत आली आहे. समवयस्काचें बोलणें मुलें ऐकतात. गुरुजींचें ऐकतीलच असें नाहीं.

खरी अडचण आहे ती घरांत. मोरीच्या फळीवर मिश्रीची डबी असते, आणि वडीलच मुलाच्या हातीं पैसे देऊन पुडी आणावयास धाडतात. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें मुलास तंबाखू देणाऱ्यास वा देवविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु आपल्याच पित्याविरुद्ध फिर्याद कोणतें मूल करील?