पडवीतल्या सुतारकामाला करवत कोणती?

पापड-मसाल्याचे गट आता गावोगाव झालेत, म्हणून आमच्या गटानं पाट, पोळपाट, चौरंग आणि लहान देव्हारे करायचं ठरवलं. एका ताईंच्या पडवीत जागाही झाली. अडलं ते करवतीपाशी. दुकानदार म्हणतो, "ताई, टेबल सॉ घ्या, सगळी कामं एकाच मशीनवर." बऱ्याच गटांना हाच सल्ला मिळतो. कर्जाचा हप्ता दहा-बारा जणींना फेडायचा असतो, म्हणून आम्ही काय ठरवलं ते सांगतो.

आधी आम्ही मशीन नाही, काम पाहिलं. पाटाला फळी आडवी कापायची. पोळपाटाला गोल कापायचं. लांब फळी उभी चिरायची वेळ येते ती लाकूड आणल्यावर एकदाच, आणि ते काम वखारीत थोड्या मजुरीत होतं. टेबल सॉची खरी कामगिरी हीच, एका मापाच्या खूप पट्ट्या उभ्या चिरणं. ते काम आपल्याकडे नसेल तर ते मशीन पडवी अडवून बसणार.

पहिली खरेदी हातकरवतीची. काही शे रुपयांत येते, वीज गेली तरी काम थांबत नाही. घेताना दाते बघा. उभं चिरायच्या करवतीचे दाते पटाशीसारखे असतात, आडवं कापायच्या करवतीचे सुरीच्या टोकासारखे. इंचात सात-आठ दाते असतील तर काप भराभर पण खडबडीत, बारा-चौदा असतील तर सावकाश पण साफ. सांध्यांसाठी पाठीवर जाड पट्टी असलेली लहान करवत वेगळी घ्या, तिचं पातं वाकत नाही. आणखी एक, दात्यांची टोकं निळसर-काळी दिसली तर ती करवत तिकोनी कानशीनं पाजळता येत नाही. बोथट झाली की नवीच घ्यावी लागते.

दुसरी जिगसॉ. हिचं अरुंद पातं वर-खाली चालतं, त्यामुळे वळणदार काप घेता येतो. पोळपाट करणाऱ्यांना हीच हवी. दोन-चार हजारांत मिळते, घरच्या जोडणीवर चालते. पात्याचे दाते वरच्या दिशेनं कापतात, म्हणून लाकडाच्या वरच्या बाजूच्या चिलप्या उडतात. खूण मागच्या बाजूला करा आणि चांगली बाजू खाली ठेवून कापा. मात्र दीड-दोन इंच जाड लाकडात पातं आतून वाकतं, काप तिरका जातो. तिथे हातकरवतच बरी.

हातात धरायची गोल चकतीची सर्क्युलर सॉ प्लायवूडच्या मोठ्या शीटसाठी चांगली. सरळ पट्टी शिकंज्यानं घट्ट बांधून तिच्या कडेनं चालवली की काप सरळ येतो. प्लायच्या देव्हाऱ्यांच्या ऑर्डरी आल्या तर घेऊ, आज नाही. बँड सॉ तर कारखान्याची गोष्ट.

आता नको म्हणायची गोष्ट. लोखंड कापायच्या ग्राइंडरला लाकडाची दातेरी चकती लावून कापणारे गावात दिसतात. स्वस्त पडतं म्हणतात. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. चकती लाकडात अडकली की मशीन झटक्यानं अंगावर येतं. आमच्या गटात त्याला सक्त मनाई आहे. टेबल सॉ घेतलीच तर चकतीवरचं झाकण आणि चकतीमागची पाचर काढू नका. ती पाचर काप मिटू देत नाही. काप मिटून लाकूड चकतीला धरलं की ते उलटं कापणाऱ्याच्या पोटावर येतं. शेवटचा तुकडा हातानं नाही, लाकडी काठीनं ढकलायचा.

पदर खोचा, केस बांधा, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा. सासूबाई काही म्हणाल्या तर आमचं नाव सांगा. फिरत्या चकतीजवळ हातमोजेही नकोत, धागा अडकला तर हात ओढला जातो. चष्मा आणि मास्क मात्र हवाच. पातं बदलताना पिन काढून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. लाभ गटाला नाही, व्यक्तीला, तोही कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. नोंदणीचं सीएससी केंद्रावर विचारा.

आणि दुकानात जाताना आपण वापरतो त्याच लाकडाचा तुकडा पिशवीत न्या. तिथेच कापून बघायला मागा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. पुढच्या वेळी रंध्याबद्दल बोलू.