वेडा कोणी ठरवायचा?

(वणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘त्याचे डोके फिरले आहे’ हा निकाल समाज किती सहज देतो! मानसशास्त्राला मात्र ‘अपसामान्य वर्तन’ म्हणजे काय, हे ठरविताना बरीच कसोटी द्यावी लागली आहे.

पहिला निकष संख्येचा. बहुसंख्य वागतात ते सामान्य, विरळा तो अपसामान्य. पण अंगावर चिंध्या पांघरून, हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडणारे गाडगेबाबा याच वऱ्हाडातले. त्यांना रोगी कोण म्हणेल?

दुसरा निकष समाजमान्यतेचा. तो अधिक घातक. १८५१ साली अमेरिकेतील कार्टराइट नावाच्या डॉक्टराने मळ्यातून पळणाऱ्या गुलामांना एक मानसिक रोगच चिकटविला. मालकाची गैरसोय ही गुलामाची व्याधी ठरली! सोव्हिएत रशियात राजकीय विरोधकांना मनोरुग्ण ठरवून इस्पितळात डांबले गेले, हेही समाजवाद्यांनी विसरता कामा नये. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा धडा घेतला आहे. प्रचलित सामाजिक, राजकीय वा धार्मिक मूल्यांशी कोणी जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही.

म्हणून आज तज्ज्ञ एकाच निकषावर विसंबत नाहीत. माणसाला होणारा क्लेश, नित्याचे व्यवहार पार पाडण्याची खचलेली शक्ती, स्वतःला वा इतरांना असलेला धोका आणि हे सारे किती काळ टिकले, याचा ते एकत्रित विचार करतात. मानसिक आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. जीवनातील ताण पेलणे, काम करणे आणि समाजाला हातभार लावणे, हेही जागतिक आरोग्य संघटना त्यात धरते.

पण कामच हिरावले गेले तर? ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकारांचा अभ्यास केला. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. हाती वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तके कमी जाऊ लागली. पुरुषांची चालही मंदावली. माणसे बंड करून उठली नाहीत, खचली.

यवतमाळ जिल्ह्याला हे परके नाही. १९८६ साली याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाच्या सामूहिक आत्महत्येने महाराष्ट्र हादरला. पुढे अशा बातम्यांचे हादरेही बसेनासे झाले. हीसुद्धा समाजाची अपसामान्य अवस्थाच नव्हे काय?

येथे दोन चुका टाळावयाच्या आहेत. कापसाचा भाव पडला, कर्ज थकले आणि शेतकऱ्याची झोप उडाली, तर त्याची चिंता विकृत नव्हे. तिचे कारण सावकाराच्या वहीत आणि बाजारात आहे. त्याला केवळ समुपदेशन देऊन मोकळे होणे सरकारच्या सोयीचे असते. पण तोच माणूस आठवडेच्या आठवडे जेवत नाही, बोलत नाही, जगण्यात अर्थ नाही म्हणतो, तेव्हा ‘कर्जमाफी झाली की बरा होईल’ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा. कारण आर्थिक असले म्हणून आजार खोटा ठरत नाही, आणि आजार खरा असला म्हणून कारण माफ होत नाही.

आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता, असेच उपरोक्त कायदा गृहीत धरतो. तेव्हा त्याला दोष देऊ नये, एकटे सोडू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा. भावासाठी मोर्चा काढणे आणि खचलेल्या माणसाबरोबर दवाखान्यात जाणे, ही दोन्ही कार्यकर्त्याचीच कामे आहेत.