कस्तुरी नाभीत नसतेच!

आज बोलायचंय वासाबद्दल. कानातून वास पोचत नाही, माहितेय, तरी ऐका.

कस्तुरीमृग स्वतःच्याच वासाने वेडा होऊन रानभर धावतो, हा दृष्टांत आपण सगळ्यांनी ऐकलाय. दृष्टांत सुंदर आहे, पण हरणावर अन्याय करणारा! त्याला नीट ठाऊक असतं तो वास कुणाचा आहे ते.

मुळात हे खरं हरीणच नाही. त्याचं कुळ वेगळं, मॉस्किडे. डोक्यावर शिंगं नाहीत, उलट नराच्या तोंडातून दोन लांब सुळे खाली आलेले. वजन साधारण १०-१५ किलो. हिमालयातल्या उंच, दाट जंगलात एकटं राहणारं, संध्याकाळ झाली की बाहेर पडणारं, भयंकर लाजाळू जनावर. आता अशा अंधारात, इतक्या झाडीत जोडीदाराला निरोप धाडायचा कसा? वासाने.

त्यासाठी नराकडे, फक्त नराकडे, एक गंधग्रंथी असते. नाभी आणि जननेंद्रिय यांच्या मध्ये, कातडीखाली, छोट्या पिशवीसारखी. तिच्यातला स्राव हळूहळू मुरतो आणि त्याचे तपकिरी दाणे होतात. हीच कस्तुरी. शेपटीजवळ आणखी एक ग्रंथी, ती झाडाझुडपांवर घासायची, म्हणजे हद्द कळते. थोडक्यात, पोटाशी लग्नाची जाहिरात, शेपटीशी 'आत येऊ नये'ची पाटी.

एका पिशवीत साधारण २५ ग्रॅम कस्तुरी निघते. म्हणजे किलोभर हवी तर ४० नर मारायचे. पण हिशेब तिथे संपत नाही हो. शिकारी जंगलात फास लावतात, आणि फासाला नर-मादी कळत नाही. मादी अडकते, पिल्लू अडकतं. त्यांच्याकडे कस्तुरी नसतेच, ती फुकट मरतात. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

कारण गरजच उरलेली नाही. कस्तुरीला वास देणारं मस्कोन १९०६ साली वेगळं काढलं गेलं, १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी त्याची रचना उलगडली. तुमच्या डिओवर 'मस्क' लिहिलंय ना? ते प्रयोगशाळेतलं. तरी 'अस्सल कस्तुरी, घरपोच' असे मेसेज फिरतातच. नकली निघाली तर फसवणूक, खरी निघाली तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, वनखात्याला कळवा.

पुढच्या भागात जवादी मांजर. तिची ग्रंथी भलत्याच जागी असते. भेटू!