बंदीचे दिवस पाण्याला विचारून ठरवू



 सविस्तर चर्चा परिषदेच्या पुढच्या सत्रांत होईलच. मी एकच मुद्दा मांडणार आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा. माणसाला आवर घालण्यासाठी तेव्हा नकाशावर रेघ ओढली गेली. तापणारे पाणी ती रेघ जुमानत नाही. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या पेशींतली सूक्ष्म शैवाले बाहेर टाकते. रंग जातो आणि अन्नही तुटते.

मग क्षेत्र वाढवून भागेल का? ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफमधले मासेमारीबंदीचे क्षेत्र पाच टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर नेले. तरीही २०१६ च्या उष्णतेत सर्वाधिक होरपळला तो उत्तरेकडचा, वस्तीपासून दूरचा भाग. संरक्षणाने उष्णता अडत नाही. तिच्यावर उपाय कर्बउत्सर्जन घटवण्याचाच. मात्र ताप ओसरल्यावर खडकावर नवे प्रवाळ धरायचे, तर पाणी स्वच्छ हवे आणि शेवाळ चरणारे मासे हवेत. सांडपाणी, नांगर, ट्रॉलिंग आणि पर्यटकांचे पाय यांचा भार कमी करणे आपल्या हातात आहे.

म्हणून अनुकूलनाच्या आराखड्यात तापमानाच्या पायऱ्या आधीच ठरलेल्या असाव्यात. पहिली पायरी आली की प्रवाळांवर नांगर टाकणे आणि स्नॉर्केलिंग थांबेल. दुसरी आली की गाभ्यातला सगळा वावर. घोषणा कोण करणार आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई कोण देणार, हेही त्यातच लिहिलेले हवे. कोकणच्या किनाऱ्यावर पाणी सर्वाधिक तापते एप्रिल-मेमध्ये, आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच. ऐन हंगामात बैठक बोलावली, तर निर्णय होणारच नाही.

बंदी कोकणाला नवी नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी न लोटणारी घरे आजही आहेत. तारखेची बंदी पाळणारा समाज तापमानाची बंदीही पाळेल. पण ती त्याला विचारून ठरली तरच. मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, तो पोटाच्या काळजीने. पारंपरिक रापणीला नियम आणि यांत्रिक पर्ससीनला मोकळीक असे चित्र दिसले, तर आपल्या आकडेवारीवर कोण विश्वास ठेवील?

संशोधकांना माझे सांगणे आहे: पाण्याच्या तापमानाच्या नोंदी मच्छीमार सोसायटीच्या फलकावर मराठीत लावा. मच्छीमारांनी आपल्या होड्यांवर तापमापक घ्यावेत आणि नोंदी स्वतः ठेवाव्यात. वनखात्याने दोघांना एका टेबलावर बसवावे. उन्हाळा सुरू होण्याआधी पायऱ्यांचा मसुदा तयार करण्याचा ठराव या परिषदेने आजच संमत करावा, अशी विनंती करतो आणि थांबतो.