‘शमशेर बहादूर’ : पदवी की विशेषण?

(सुभानपुरा, वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आरंभी एक कबुली देतो. पंचवीस वर्षांपूर्वी प्रबंधाचा इंग्रजी सारांश लिहिताना ‘दामाजी गायकवाड शमशेर बहादूर’ याचे भाषांतर मी ‘तलवारबहाद्दर शूर दामाजी’ अशा अर्थाचे केले होते. परीक्षकांनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढले. त्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. मी एका सरदाराची पदवी खोडून तिथे त्याचा गुण लिहिला होता.

१७२० साली बाळापूरच्या लढाईत दामाजींनी पराक्रम केला, तेव्हा छत्रपती शाहूंनी त्यांना सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या हाताखाली दुय्यम नेमून ‘शमशेर बहादूर’ हा किताब दिला. १७३१ साली, आपल्या जवळच्याच डभईच्या लढाईनंतर, पिलाजीरावांना ‘सेनाखासखेल’ हा किताबही मिळाला. पुढे गायकवाडांच्या बिरुदावलीत हे दोन्ही किताब कायम राहिले. त्यात ‘सेना’ संस्कृत, ‘खास’ आणि ‘खेल’ मूळ अरबी, ‘शमशेर’ फारसी आणि ‘बहादूर’ तुर्की-मंगोल. एका घराण्याच्या बिरुदात एवढ्या भाषा नांदतात.

‘बहादूर’चे जुने रूप ‘बगातूर’. मध्य आशियातील तुर्क आणि मंगोल टोळ्यांत ते मानाचे बिरुद होते. चंगीझ खानाच्या वडिलांच्या, येसुगेईंच्या नावापुढे ते लागत असे. मंगोलियाची राजधानी उलानबातर म्हणजे ‘लाल वीर’. रशियन लोककथांतील ‘बोगातीर’ही याच कुळातला. फारसीच्या वाटेने हा शब्द मुघल दरबारात आला आणि अमीर-उमरावांच्या किताबांचा भाग झाला. इथे नावाशी गल्लत होऊ देऊ नये. बाजीराव-मस्तानींचा पुत्र समशेर बहादर पानिपतच्या रणात जखमी होऊन १७६१ मध्ये वारला. त्याच्या बाबतीत ते नाव आहे, दामाजींच्या बाबतीत किताब.

इंग्रजांनी हा शब्द कसा वापरला? लोक त्यांच्या व्यापारी कंपनीलाच ‘कंपनी बहादूर’ म्हणू लागले. मग इंग्रज सरकार स्वतःच ‘रावबहादूर’, ‘रायबहादूर’, ‘खानबहादूर’ असे किताब वाटू लागले. आपले लोकहितवादी हेही रावबहादूरच. इंग्रजीत किताब म्हणून हा शब्द मोठ्या अक्षराने आणि भाषांतर न करता लिहितात. पण १८८६ साली निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याचा आणखी एक अर्थ दिला आहे. आपल्या अधिकाराचा तोरा मिरवणाऱ्या माणसालाही इथले इंग्रज थट्टेने ‘बहादूर’ म्हणत.

हाच खेळ मराठीनेही केला. दरबारातला ‘बहादूर’ घरात आला आणि ‘बहाद्दर’ झाला. पोराने परीक्षेत यश मिळवले की आजोबा पाठीवर थाप मारतात, “शाब्बास रे बहाद्दरा!” आणि दूध उतू गेले की आई त्याच पोराला विचारते, “कुठं होतास, बहाद्दरा?” शब्द एकच, पण कौतुक की टोमणा, हे सूरच सांगतो.

मग अडचण कुठे आहे? वडोदऱ्यातली आपली मुले गुजराती आणि हिंदीत ‘बहादुर’ हे रोजचे विशेषण म्हणून ऐकतात. गायकवाडांचा इतिहास ती बहुधा इंग्रजीतून वाचतात. उद्या घरातला एखादा मोडी कागद त्यांच्या हाती आला, तर माझीच चूक ती करतील. ‘शूर’ म्हटल्याने स्तुती होते. ‘शमशेर बहादूर’ म्हटल्याने कोणी, कोणाला, कशासाठी मान दिला हे कळते. स्तुती गाळली तर फार बिघडत नाही. किताब गाळला, तर कागदातला पुरावाच जातो.

म्हणून भाषांतर करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : हा शब्द नावाला जोडून, किताब म्हणून आला असेल, तर तो तसाच ठेवा आणि अर्थ तळटीपेत द्या. वाक्यात मोकळा आला असेल, तर खुशाल ‘शूर’ लिहा. घरातल्या बोलण्यात आला असेल, तर आधी सूर ऐका.

१९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची अधिकृत मान्यता संपली. ‘बहाद्दर’ला मात्र कोणत्याही सरकारी मान्यतेची गरज नव्हती. माझा तो सारांश अजून कपाटात आहे. परीक्षकांच्या प्रश्नचिन्हाशेजारी आता मी उत्तर लिहून ठेवले आहे.