सातजणी, एक सासूबाई आणि साताऱ्याची गाडी
(1996 च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘चाळिशीनंतरचं आरोग्य’. पत्रिकेत तसं छापलंयसुद्धा. पण आपल्या तुकडीत तीन डॉक्टर असताना सकाळी नऊपासून खुर्चीला चिकटलेल्या संगणकवालीनं आरोग्यावर बोलू नये, असं माझं मत आहे. म्हणून मी एका प्रवासाबद्दल बोलते. 2024 च्या पावसाळ्यात आपल्या तुकडीतल्या आम्ही सातजणी मिळून साताऱ्याच्या शर्यतीला गेलो, त्याबद्दल. नावं घेणार नाही. बाकीच्या सहाही जणी समोर बसल्या आहेत आणि त्यातल्या दोघींनी मला आधीच दम दिलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी शर्यतीविषयी. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून भरते. हाफ म्हणजे 21 किलोमीटर आणि वर 97 मीटर. शहरातून निघायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, वरच्या रस्त्यानं ठरलेल्या जागेपर्यंत जाऊन वळायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. म्हणजे अर्धी शर्यत चढ, अर्धी उतार. हाच रस्ता पुढे कासच्या पठारावर जातो, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की फुलं बघत पळायचंय. कास त्याच्या बरंच पुढे राहतं. फुलं काही दिसत नाहीत, दिसतं ते पुढच्याच्या पाठीवरचं घामेजलेलं बनियन आणि धुकं. 2015 मध्ये एकाच डोंगरावर सर्वांत जास्त माणसं धावल्याबद्दल या शर्यतीची गिनेस बुकात नोंद झाली. नोंदणी कित्येक महिने आधी उघडते आणि बघता बघता भरते.

आता आमच्याकडे या. नाशिकची एक, पुण्याच्या दोघी आणि इथल्या, संगमनेरातल्या, चौघी. इथल्या चौघींपैकी एक एस.टी.त कंडक्टर, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एकीचा पोळी-भाजीचा व्यवसाय आणि एक घर, शेती आणि सासूबाई सांभाळणारी. जायचं ठरल्यावर ग्रुपवर तीन दिवस नुसते हृदय आणि अंगठे. मग पुण्यातल्या दुसऱ्या मैत्रिणीनं सगळा बेत आखून टाकला. इनोव्हा करायची, घाटाच्या वर एक रिसॉर्ट आहे तिथे दोन रात्री राहायचं, माणशी साडेसहा हजार. तिनं हे अगदी मनापासून केलं होतं. आपण सगळ्याजणी आयुष्यभर दुसऱ्यांची सोय बघतो, एकदा आपली सोय व्हावी, असं तिचं म्हणणं. त्यात खोट काढायला मला तरी काही सापडत नाही.

पण त्यानंतर ग्रुप शांत झाला. आधी शिक्षिकेनं लिहिलं, ‘बहुतेक परीक्षेचं काम येईल.’ मग पोळीवालीनं, ‘त्या दिवशी ऑर्डर आहे.’ शर्यतीला पाच महिने होते. पाच महिन्यांनंतरची ऑर्डर आजच कशी आली, हा प्रश्न मला पडला, पण विचारला नाही. दोन दिवसांनी रात्री साडेदहाला कंडक्टरचा फोन आला. तिची ड्युटी नुकतीच संपली होती. ती म्हणाली, ‘‘तिघी गप्प झाल्यात, तुझ्या लक्षात आलं का? बायका गप्प झाल्या की एक तर पैसे, नाही तर घर. यांचं दोन्ही आहे.’’

मग तिनं जे केलं ते सांगायलाच मी इथे उभी आहे. आमच्या धंद्यात असल्या कामाला मोठं नाव आहे आणि त्याचा पगारही मोठा असतो. तिनं ते डेपोतून घरी जाता जाता केलं.

प्रत्येकीला तिनं वेगळा फोन लावला. ग्रुपवर नाही, कारण ग्रुपवर कुणी खरं सांगत नाही. सातजणींपैकी येणं सगळ्यात अवघड कुणाला आहे, ते आधी शोधलं. तिला जमेल असा बेत करायचा, बाकीच्यांना तो आपोआप जमतो, असं तिचं गणित. अवघड होतं सासूबाई सांभाळणारीला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, माहेर आणि बाळंतपणं सोडली तर एक रात्र घराबाहेर नाही. सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं? कंडक्टरनं विचारलं, ‘‘त्यांचं वय काय?’’ शहात्तर. ‘‘मग त्यांना तिकीटच नाही. आधार कार्ड घे आणि त्यांनाच घेऊन ये.’’

हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे, कल्पना नाही. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि 2023 च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आपण चारचाकीवाले ही बातमी वाचतो आणि पान उलटतो. आमच्या पोळीवालीला मात्र ती रुपये-पैशासकट पाठ होती.

राहायचं ठरलं शिक्षिकेच्या नणंदेकडे, साताऱ्यातच. तिनं वरच्या मजल्यावरची खोली आणि गाद्या दिल्या. नोंदणीची फी आणि बूट हा खरा मोठा खर्च होता, त्यासाठी भिशी लावली. दरमहा माणशी पाचशे. ज्यांना जास्त टाकता येत होते त्यांनी पाकिटात जास्त टाकले. कंडक्टरनं वहीत सगळ्यांपुढे पाचशेच लिहिले आणि वरचा हिशेब आजतागायत कुणाला सांगितलेला नाही. मी दोनदा विचारून पाहिलं. ‘‘रोज मशीनचा हिशेब देते तेवढा पुरे,’’ म्हणाली. फी आणि बूट सोडून सगळ्या सहलीला माणशी साडेसहाशेच्या आत खर्च आला.

सराव ज्याचा त्यानं केला, त्यावर फार बोलत नाही. पण आपल्या मैदानाचं सांगायला हवं. पहाटे रस्त्यावर कुत्री मागे लागायची. इथल्या चौघींनी शाळेत जाऊन विचारलं, आणि सध्याच्या मुख्याध्यापकांनी पहाटे साडेपाचला फाटक उघडून द्यायची व्यवस्था केली. फेरी साधारण अडीचशे मीटरची, म्हणजे दहा किलोमीटरला चाळीस फेऱ्या. फेऱ्या मोजायला पोळीवालीनं चिंचोके आणले. डाव्या मुठीत चाळीस चिंचोके, फेरी झाली की कट्ट्यावरच्या वाटीत एक टाकायचा. मी मनगटावर जे घड्याळ बांधते त्याची किंमत इथे सांगत नाही. सर, याच मैदानावर मुलींना लंगडी आणि खो-खो होतं, लांबचं पळणं मुलांना. यात शाळेचा दोष नाही, काळच तसा होता. ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन पळू दिली ती 1984 साली, तोपर्यंत त्यांची सगळ्यात लांब शर्यत होती 1500 मीटर. त्या वर्षी आम्ही बालवाडीत होतो. आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हा आम्ही पस्तिशी ओलांडलेली होती. चुलीशी वाढलेल्या पिढीतल्या शेवटच्या आम्ही आणि पळणाऱ्या पिढीच्या थोड्या आधीच्या.

शनिवारी सकाळी नाशिककर पुण्याच्या गाडीत बसून निघाली, तीच गाडी संगमनेरला थांबली आणि इथल्या चौघी सासूबाईंसह चढल्या. आम्ही पुण्याच्या दोघी स्वारगेटवर. पुढच्या गाडीची आरक्षणं मी काढून ठेवली होती, साडेबाराची. चाकणला रस्ता तुंबला. बाराला त्या अजून नाशिक फाट्याच्या अलीकडे. दहा-दहा मिनिटांनी माझा फोन, आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज, ‘‘तिला म्हणावं पाणी पी.’’ शेवटी कंडक्टर म्हणाली, ‘‘ती गाडी जाऊ दे. साताऱ्याला गाड्यांना तोटा नाही. तू फक्त तिथून हलू नकोस.’’ आरक्षणाचे पैसे गेले. पुढच्या गाडीत एकत्र जागा मिळाल्या नाहीत, खंबाटकीचा घाट जाईपर्यंत दोघी उभ्या होत्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी पाय वापरू नयेत असं पुस्तकात असतं. असो.

संध्याकाळी बिब आणि टाइमिंगची चिप घेतली. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद. पोळीवालीनं तो पदराला लावावा तसा पिनांनी ओढणीला लावून पाहिला, मग टी-शर्टला लावला. नणंदेनं पिठलं-भात केला होता, तिखट बेतानं. रात्री सातजणींत न्हाणीघर एक आणि निघायचं पहाटे पाचच्या आत, तेव्हा माझ्या शिक्षणाचा या सगळ्या प्रवासातला एकमेव उपयोग झाला. मी साडेतीनपासून प्रत्येकी दहा मिनिटांचं वेळापत्रक करून दाराला चिकटवलं. सासूबाई तीनलाच उठून आंघोळ करून बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, ‘‘पळायचं तर पळा, पण मागं कोण लागलंय तुमच्या?’’

शर्यतीचं काय सांगू. साताऱ्याचे लोक भल्या पहाटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात, ढोल-ताशा आणि लेझीम घेऊन, आणि तुमच्या घरचं कार्य असल्यासारखे ओरडतात. यवतेश्वरच्या घाटात ते आवाज मागे पडतात, मग फक्त पावलं आणि श्वास. चढाला आमच्यातल्या चौघी सरळ चालल्या, आणि हे अगदी योग्य आहे, चालायला कुणी मना करत नाही. खरा त्रास उतारावर होतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणत ताणत ब्रेक लावत असतात, त्यामुळे तिथे जोर काढला की दुसऱ्या दिवसापासून जिने उतरता येत नाहीत. कंडक्टर मंगळवारी ड्युटीवर एस.टी.च्या पायऱ्या आडवी होऊन उतरत होती. प्रवाशांना वाटलं, बाईंना लकवा झाला.

घाट उतरताना, साधारण सोळाव्या किलोमीटरला, इनोव्हावालीच्या पोटरीत गोळे आले. ती कठड्यावर बसली. पाठीमागून पोळीवाली येत होती, छान लयीत, तीन तासांच्या आत सहज संपवली असती. ती थांबली. पोटरी चोळली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि उरलेले पाच किलोमीटर तिच्यासोबत चालत आली. वाटेत दोघी काय बोलल्या ते आम्हाला कळलेलं नाही. परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या होत्या आणि रिसॉर्टचा विषय पुढच्या वर्षीच्या बेतातून निघाला, एवढं मात्र मला माहीत आहे.

समर्थ मंदिराच्या चौकात चहावाल्यानं सासूबाईंना खुर्ची दिली होती. दोन-अडीच तास त्या तिथे बसून येणाऱ्या प्रत्येक बाईला टाळ्या वाजवत होत्या, फक्त बायांना. सून दिसली तेव्हा उठून उभ्या राहिल्या. सून थांबली नाही, हात वर करून पुढे गेली. पहिल्यांदाच, असं नंतर ती म्हणाली. दुपारी सासूबाईंना सज्जनगडाला नेलं. त्याचा शब्द कंडक्टरनं त्यांना निघतानाच दिला होता, आणि गडाच्या पायऱ्या त्या आमच्यापेक्षा बऱ्या चढल्या. सातहीजणींनी शर्यत पुरी केली. सगळ्यात शेवटच्या दोघी 3 तास 24 मिनिटांनी आल्या, कोण ते तुम्हाला कळलंच आहे.

आता थोडं आजच्याबद्दल. दहावीच्या फोटोत आपण चौऱ्याण्णव आहोत, मी काल मोजलं. आज या हॉलमध्ये अठ्ठावन्न. काहीजण परदेशी आहेत, चौघं आता आपल्यात नाहीत. पण उरलेले? मेळाव्याची वर्गणी दोन हजार, बायकोला किंवा नवऱ्याला आणलं तर साडेतीन. संयोजकांनी राबून सगळं केलंय, जेवण उत्तम आहे, मी तक्रार करत नाही. ग्रुपवर मात्र आठ-दहाजणांनी ‘त्या दिवशी लग्न आहे’ असं लिहिलं होतं, आणि त्यांच्यापैकी तिघं मला आज सकाळी बाजारपेठेत भेटले. माझी सूचना अशी की पुढचा मेळावा शाळेच्या मैदानावर घ्यावा, झुणका-भाकर आणि ताक ठेवावं, आणि वर्गणीऐवजी पाकीट. निमंत्रणाचं काम ग्रुपवर न टाकता कंडक्टरला द्यावं. तिला विचारून सांगते आहे, ती हो म्हणालीय, फक्त पाठीशी दोन माणसं मागतेय. मी एक, दुसरं कोण ते जेवणाआधी सांगा.

आणि साताऱ्याची पुढची भिशी या महिन्यापासून सुरू होतेय. पुरुषांनाही घ्यायचं ठरलंय, त्यांना तिकीट मात्र पूर्ण पडेल. मागे दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ ती वही घेऊन उभी आहे. जाताना नाव लिहा, आणि पाचशेची नोट असेल तर ठीक, नाही तर सुट्टे द्या, नाही तर ती उतरवून देईल.